हाकेला ओ देणारा संगणक

समजा, आपण वर्गात फळ्यावर एक लांबलचक गुणाकार करून दाखवत आहात. तिसऱ्या ओळीवर असताना शिपाई सूचनावही घेऊन दारात उभा राहतो. आपण हातचा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवता, सूचना वाचून दाखवता, सही करता आणि पुन्हा फळ्याकडे वळता. हातचा लिहून ठेवला असेल तर गणित बिघडत नाही. तो लिहायचा राहिला, तर उत्तर चुकते. गंमत अशी, की तेच गणित पुढच्या तासाला दुसऱ्या तुकडीत अगदी बरोबर सुटते, कारण तेथे त्या क्षणी शिपाई आलेला नसतो. चूक नेमकी कोठे झाली हे गणित पुन्हा सोडवून कधीच कळणार नाही.

शिपायाच्या येण्याला संगणकाच्या भाषेत इंटरप्ट म्हणतात. आम्ही येथे त्याला व्यत्यय म्हणू. शाळेत आणखीही एक व्यत्यय असतो, तो म्हणजे तासाची घंटा. शिपाई कधी येईल ते सांगता येत नाही, घंटा ठरल्या वेळी होते. पण दोन्ही वेळी हातातले काम आहे तेथे थांबवावे लागते. संगणकात घंटेचे काम टायमर करतो. धुलाई यंत्रापासून विजेच्या मीटरपर्यंत सर्वत्र बसलेल्या मायक्रोकंट्रोलरचा बराचसा कारभार या दोन सोयींवर चालतो. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे हे मायक्रोकंट्रोलर शाळांतही आले आहेत. तेथे काम करणाऱ्या शिक्षकांना या दोन सोयींचा उपयोग माहीत असतो. त्या संगणकात आल्या कशा आणि येताना कोणती नवी अडचण घेऊन आल्या, हे मात्र पाठ्यपुस्तकांत सहसा नसते.

सुरुवातीच्या संगणकांना हाक मारण्याची सोयच नव्हती. टंकयंत्राला एक अक्षर उमटवायला सुमारे एक दशांश सेकंद लागे. तेवढ्या वेळात संगणकाच्या शेकडो बेरजा झाल्या असत्या, पण तो बिचारा 'झाले का? झाले का?' असे विचारत बसून राही. दाराला घंटा नसलेल्या घरात पाहुण्यांची वाट पाहणाऱ्या माणसाने दर मिनिटाला दार उघडून बघावे, तसाच हा प्रकार. या पद्धतीत वेळ फुकट जातो हे खरे, पण तिचा एक मोठा गुण विसरू नये. दार केव्हा उघडायचे हे आपण ठरवतो, पाहुणा ठरवत नाही.

व्यत्ययाचे पहिले रूप बाहेरून आले नाही, गणिताच्या आतूनच आले. १९५१च्या युनिव्हॅकमध्ये बेरीज ठरावीक अंकांत मावेनाशी झाली, की नियंत्रण आपोआप शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर जाई आणि तेथे लिहिलेल्या आज्ञा पाळल्या जात. बाहेरच्या यंत्राला हाक मारू देणारा पहिला संगणक म्हणून सामान्यतः डायसिॲकचे नाव घेतले जाते. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने तो लष्करासाठी १९५४ साली बांधला. तो वाहनावर बसवून हलवता येत असे. त्यात 'पुढची आज्ञा कोठे आहे' हे लक्षात ठेवणारे गणक एकाऐवजी दोन होते. बाहेरून इशारा आला की यंत्र पहिला गणक सोडून दुसऱ्यावर जाई. पुढे १९५६च्या सुमारास क्लीव्हलँडच्या वातबोगद्यातील मोजमापांसाठी युनिव्हॅक ११०३ला अशीच सोय करण्यात आली. बोगदा चालू असेल तेव्हा त्याची मोजमापे ताबडतोब घ्यायची आणि एरवी संगणकाने दुसरी आकडेमोड करत राहायचे, असा साधा व्यावहारिक हिशेब त्यामागे होता.

या सोयीत धोका आहे हे ज्याला सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने जाणवले, तो माणूस ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करत होता. एड्सखर डायक्स्ट्रा त्याचे नाव. १९५७ साली त्याचे लग्न झाले तेव्हा त्याने नोंदणीच्या कागदावर 'प्रोग्रॅमर' असा व्यवसाय लिहिला. असा व्यवसायच नाही म्हणून नगरपालिकेने तो नाकारला आणि बिचाऱ्याला 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लिहावे लागले. त्याच सुमारास लोप्स्ट्रा आणि स्कॉल्टन हे त्याचे सहकारी एक्स-१ नावाच्या नव्या संगणकाची आखणी करत होते. यंत्र त्यांनी घडवायचे आणि त्याचे मूलभूत प्रोग्रॅम डायक्स्ट्राने लिहायचे, अशी वाटणी होती. एक्स-१मध्ये व्यत्ययाची सोय ठेवावी असे त्या दोघांनी सुचवले, तेव्हा डायक्स्ट्रा अक्षरशः घाबरला. ही हकीकत त्यानेच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

त्याची भीती अशी होती. व्यत्यय नसलेल्या संगणकाला तोच प्रोग्रॅम आणि तीच छिद्रांची कागदी पट्टी दिली, की उत्तर दर वेळी तेच येते. चूक असेल तर तीही दर वेळी त्याच जागी येते, म्हणून सापडते. व्यत्यय आला की ही शिस्त मोडते. टंकयंत्राची मोटर कणभर आधी फिरली, तर हाक शंभराव्या आज्ञेनंतर येईल. कणभर उशिरा फिरली, तर एकशे एकाव्या आज्ञेनंतर. प्रोग्रॅममध्ये असा एकच दुबळा सांधा असेल आणि हाक नेमकी त्याच सांध्यावर पडली, तरच चूक होईल. ती महिन्यातून एकदा होईल, आणि तपासायला बसले की नाहीशी होईल. विज्ञानात पुनरावृत्ती न होणाऱ्या निरीक्षणाचे काय करायचे हा प्रश्न आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना चांगलाच परिचयाचा आहे, त्यामुळे डायक्स्ट्राची घालमेल समजू शकते.

त्याने काही महिने निर्णय लांबवला. 'हे जमवू शकेल असा तूच आहेस' अशा अर्थाची स्तुती करून सहकाऱ्यांनी अखेर त्याला राजी केले. एकदा राजी झाल्यावर मात्र त्याने काम तडीस नेले. व्यत्ययाच्या वेळी कोणकोणत्या रजिस्टरांतील आकडे जपून ठेवायचे, म्हणजे फळ्याच्या कोपऱ्यात काय काय लिहायचे, आणि नाजूक कामाच्या वेळी दार काही क्षण बंद कसे ठेवायचे, याचा त्याने काटेकोर विचार केला. हेच काम १९५९ साली त्याच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय झाले. पुढे साठच्या दशकात त्याने सेमाफोरची कल्पना मांडली. नाव रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलचे आहे आणि कामही तेच: एका रुळावर एका वेळी एकच गाडी.

टायमरची गोष्ट याला समांतर चालली. एकाच महागड्या संगणकावर अनेकांनी पाळीपाळीने काम करावे ही कल्पना १९६१ साली एमआयटीत कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी चालवून दाखवली. पाळी संपली हे संगणकाला कोण सांगणार? चालू प्रोग्रॅमवर विसंबता येत नाही, कारण तो आवर्तात अडकला तर कोणालाच पाळी मिळणार नाही. तेव्हा बाहेरून वाजणारी घंटाच हवी.

ही घंटा वाजते कशी, ते पाहण्यासारखे आहे. टायमर म्हणजे ठरावीक गतीने एकेक वाढणारा गणक. तो भरून ओसंडला, म्हणजे जुन्या मोटारीचा किलोमीटर दाखवणारा आकडा ९९,९९९ वरून ००,००० वर येतो तसा पुन्हा शून्यावर आला, की व्यत्यय घडतो. म्हणून अमुक इतक्या टिकटिकींनंतर घंटा हवी असेल, तर गणकाच्या पूर्ण क्षमतेतून तेवढी संख्या वजा करून जी उरेल ती त्यात भरायची. अपोलो यानांवरील मार्गदर्शक संगणकात टाइम-३ नावाचा गणक दर १० मिलिसेकंदांनी वाढे आणि १६,३८४ला ओसंडे. पाच सेकंदांनी एखादे काम करायचे असेल, तर त्यात १६,३८४ उणे ५००, म्हणजे १५,८८४ भरायचे. सत्तरच्या दशकापासून आजपर्यंतचे मायक्रोकंट्रोलर हीच युक्ती वापरतात.

अपोलोच्या संगणकापाशी थोडे थांबू, कारण व्यत्ययाचा फायदा आणि त्याची किंमत या दोन्ही गोष्टी तेथे एकाच दुपारी दिसल्या. एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत तयार झालेल्या या संगणकाची बदलता येणारी स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती. अंतराळवीराने कळ दाबली की एक व्यत्यय, पृथ्वीकडून संदेश आला की दुसरा, आणि टायमरांचे आणखी काही. हॅल लॅनिंग याने त्याची कामवाटपाची पद्धत रचली होती. टायमरच्या हाकेला ओ द्यायची ती अगदी थोडक्यात, आणि लांब काम असेल तर ते महत्त्वाच्या क्रमाने लागलेल्या रांगेत टाकून मोकळे व्हायचे. (आमच्या मते मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगावा असा हा नियम आहे.)

याशिवाय त्या संगणकात बाह्य संकेत मोजण्याची एक खास सोय होती. राडारचा कोन किंचित बदलला की एक स्पंद येई आणि त्यासरशी संबंधित गणक एकाने वाढे किंवा कमी होई. त्यासाठी पूर्ण व्यत्यय लागत नसे. चालू प्रोग्रॅममधून स्मृतीचे एक आवर्तन, ११.७२ मायक्रोसेकंद, चोरले जाई आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नसे. शिपायाने शिक्षकांना न थांबवता टेबलावर चिठ्ठी ठेवून जावे, तसे.

२० जुलै १९६९ रोजी अपोलो-११चे चांद्रयान उतरत असताना या चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. भेटीसाठीच्या राडारची त्या वेळी गरज नव्हती, पण तो चालू होता. त्याच्या कोनमापकांना आणि संगणकाच्या जोडयंत्रणेला ८०० हर्ट्झचे दोन वेगळे वीजपुरवठे होते. वारंवारता जुळलेली, पण कला जुळलेली नाही. त्यामुळे स्थिर राडारचे कोन सतत थरथरत आहेत असे यंत्रणेला वाटू लागले आणि दोन कोनांचे प्रत्येकी ६,४०० स्पंद दर सेकंदाला येऊ लागले. गुणाकार करून पाहा: १२,८०० गुणिले ११.७२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदातले सुमारे ०.१५ सेकंद. संगणकाचा जवळजवळ सातवा हिस्सा वेळ निरर्थक चिठ्ठ्या गोळा करण्यात जाऊ लागला.

आता घंटेचा स्वभाव पाहा. उतरण्याचे मुख्य गणित टायमर दर दोन सेकंदांनी सुरू करत असे. वेळ चोरला गेल्यामुळे ते दोन सेकंदांत पुरे होईना. पण काम झाले आहे की नाही हे घंटा विचारत नाही. पहिले गणित अर्धवट असताना दुसरे सुरू झाले, मग तिसरे, आणि अर्धवट कामे ठेवण्याची जागा संपली. पडद्यावर १२०२ आणि नंतर १२०१ हे धोक्याचे क्रमांक झळकले. दोन्हींचा मथितार्थ एकच, नव्या कामाला जागा नाही. ह्यूस्टनला स्टीव्ह बेल्स आणि त्याच्या मागच्या खोलीतील जॅक गार्मन यांनी काही सेकंदांत निर्णय दिला की उतरणे चालू ठेवावे. ते शक्य झाले, कारण अशा वेळी संगणक स्वतःला नव्याने सुरू करून फक्त महत्त्वाची कामे पुन्हा हाती घेई आणि बाकीची टाकून देई. हे धोके काही मिनिटांत पुन्हा पुन्हा आले, आणि यान उतरले.

डायक्स्ट्राची भीती येथे वेगळ्या रूपात खरी ठरली होती. दोन पुरवठ्यांची कला एकमेकींच्या तुलनेत कशी असेल हे ते चालू करण्याच्या नेमक्या क्षणावर अवलंबून होते. पृथ्वीवर कितीही सराव केला तरी तोच क्षण साधेल याची खात्री नव्हती.

सत्तरच्या दशकात ही सर्व यंत्रणा एका चकतीवर उतरली. आपल्याकडे पदविका आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या ज्यावर शिकल्या, तो इंटेलचा ८०५१ हा १९८० सालचा. त्याच्यात १६ बिटांचे दोन टायमर, बाहेरून हाक मारण्यासाठी दोन पाय आणि मालिका संदेशांसाठी एक व्यत्यय. त्याच्या १२ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर टायमर दर मायक्रोसेकंदाला एकाने वाढतो आणि ६५,५३६ला ओसंडतो. ५० मिलिसेकंदांसाठी ६५,५३६ उणे ५०,०००, म्हणजे १५,५३६ भरायचे. सोळाच्या पायातले ३सीबी० हे त्याचे रूप कित्येकांना आजही पाठ असेल. अशा वीस घंटा झाल्या की एक सेकंद.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. हे घड्याळ हळूहळू मागे का पडते? कारण घंटा झाल्यावर प्रोग्रॅमने ती ऐकून टायमरमध्ये पुन्हा आकडा भरेपर्यंत काही मायक्रोसेकंद जातात. समजा दर वेळी १० गेले. सेकंदाला वीस वेळा, म्हणजे २०० मायक्रोसेकंद आणि दिवसाला सतरा सेकंद. यावर उपाय म्हणून ८०५१मध्येच आकडा आपोआप पुन्हा भरणारी सोय आहे. तीत टायमर फक्त आठ बिटांचा राहतो, पण माणसाच्या आज्ञेची वाट न पाहिल्यामुळे चुकत नाही.

बाकी, ही सारी घंटा आणि शिपायांची गर्दी १९८१च्या आयबीएम पीसीतही होती. तेथे व्यत्ययांच्या ओळींत शून्य क्रमांक टायमरचा आणि पहिला क्रमांक कळफलकाचा होता. तो टायमर सेकंदाला सुमारे १८.२ वेळा वाजे. हा विचित्र आकडा ११,९३,१८२ला ६५,५३६ने भागून येतो, आणि भाजक कोठून आला हे आता सांगायला नको.

त्या सुमारास काही देशांत थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र वापरात होते. पूर्वीच्या यंत्रांतील यांत्रिक कुलपे काढून त्याची सुरक्षितता मुख्यतः प्रोग्रॅमवर सोपवली होती, आणि तो प्रोग्रॅम एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांचा बनलेला होता. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे मिळाली. त्यांतील काही दगावले. १७ जानेवारी १९८७ रोजी याकिमा येथे झालेल्या अपघाताचे कारण आठ बिटांचा एक आकडा होता. 'अजून तपासणी बाकी आहे' ही खूण म्हणून तो आकडा शून्याहून वेगळा असायला हवा होता. पण ती खूण करताना तेथे एक हा आकडा न भरता, दर फेरीला त्यात एक मिळवला जाई. २५६व्या फेरीला तो ओसंडून शून्य होई. किरणोपचार करणाऱ्याने नेमक्या त्याच क्षणी कळ दाबली, तर तपासणी टळे. कळ क्षणभर आधी किंवा नंतर दाबली गेली असती, तर काहीच घडले नसते. त्या रुग्णाचा पुढे एप्रिलमध्ये मृत्यू झाला. आधीचे अपघात घडले तेव्हा यंत्र तपासणाऱ्यांना दोष सहजासहजी पुन्हा घडवून आणता आला नाही, आणि यंत्र वापरात राहिले. १९५७ साली ॲमस्टरडॅममध्ये एका तरुणाला जे दिसले होते ते हेच.

शाळेतील अर्दुइनो उनोवर हा दोष अगदी निरुपद्रवी रूपात पाहता येतो. बारावीच्या प्रात्यक्षिकात वापरतात त्या ५५५ आयसीचे सुमारे एक किलोहर्ट्झचे स्पंद ५ व्होल्टवर घेऊन ते दोन क्रमांकाच्या पायाला जोडावेत आणि प्रत्येक स्पंदाच्या व्यत्ययात दोन बाइटांचा एक आकडा एकाने वाढवावा. तो आकडा 'व्होलाटाइल' म्हणून घोषित करायला विसरू नये, नाही तर कंपायलर त्याची जुनीच प्रत वापरत राहतो. मुख्य प्रोग्रॅमने हा आकडा सतत वाचत राहावे आणि मागच्या वाचनाहून तो एकदम शंभराहून अधिक पुढे गेला, तरच पडद्यावर छापावा. सरळ पाहता असे कधीच होऊ नये.

पण होते. हा मायक्रोकंट्रोलर आठ बिटांचा आहे, त्यामुळे दोन बाइट तो एकामागून एक वाचतो. आकडा २५५ असताना त्याने खालचा बाइट वाचला, २५५. तेवढ्यात स्पंद आला आणि आकडा २५६ झाला. मग वरचा बाइट वाचला, तो आता १. दोन्ही जोडून उत्तर आले ५११. हा आकडा त्या क्षणी कोठेच अस्तित्वात नव्हता. वाचण्यापूर्वी व्यत्यय बंद करून वाचल्यावर लगेच चालू केले, की उड्या थांबतात. अर्दुइनोचे स्वतःचे मिलिसेकंद सांगणारे फलन, जे दर १.०२४ मिलिसेकंदांनी ओसंडणाऱ्या टायमरवर चालते, आपला चार बाइटांचा आकडा वाचताना अगदी हेच करते. विद्यार्थ्यांनी आधी व्यत्यय बंद न करता यंत्र चालू ठेवावे आणि छापले जाणारे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. ते केव्हा येतील हे सांगता येणार नाही, पण ते ५११, ७६७, १,०२३ अशांपैकीच असतील. प्रत्येकात एक मिळवला की २५६ने नि:शेष भाग जाईल.